चित्रकथांतील काळा माणूस आणि आपण



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते इतिहास शिकवीत. फळ्यावर सनावळी लिहून देण्याऐवजी एखादे जुने चित्र वर्गात फिरवावे आणि त्यात काय दिसते ते मुलांकडून वदवून घ्यावे, अशी त्यांची रीत होती. त्या रीतीला अनुसरूनच आज मी व्यंगचित्रे, चित्रकथा आणि पडद्यावरची हलती चित्रे यांविषयी बोलणार आहे. इतिहासाच्या व्याख्यानाला हा विषय हलका आहे, असे काहींना वाटण्याचा संभव आहे. मला तसे वाटत नाही. राजाच्या फर्मानातून राजाला काय सांगायचे होते ते कळते. पण एखादा समाज दुसऱ्या माणसाविषयी काय गृहीत धरून चालला होता, हे पाहायचे असेल तर त्याने आपल्या मुलांच्या हाती दिलेली चित्रे पाहावीत.

प्रथम आपण जिथे बसलो आहोत त्या जागेविषयी थोडेसे. 'अफझल' हे नाव कानी पडताच मराठी मुलाच्या डोळ्यांपुढे प्रतापगडाच्या पायथ्याचा खान उभा राहतो. आपल्या अफझलगंजाचा त्याच्याशी काही संबंध नाही. १८५७ ते १८६९ या काळात गादीवर असलेले पाचवे निजाम अफझलउद्दौला यांच्या नावाने हा गंज ओळखला जातो. १९०८ च्या सप्टेंबरात मुसा नदीला आलेल्या महापुरात या भागाची फार हानी झाली. पुढे नदीकाठी आसफिया ग्रंथालयाची भव्य इमारत उभी राहिली आणि १९३६ पासून ते ग्रंथालय तिथे आहे. आज आपण त्याला राज्य मध्यवर्ती ग्रंथालय म्हणतो. या सर्व गोष्टी आपल्याला ठाऊक असतात. मात्र अफझलगंजाला लागूनच असलेल्या सिद्दीअंबर बाजाराच्या नावाकडे आपले लक्ष क्वचितच जाते. भांडी, कापड, किराणा घेण्यासाठी त्या गल्ल्यांतून पिढ्यान्‌पिढ्या फिरणाऱ्या किती मराठी कुटुंबांनी आपल्या मुलांना हा सिद्दी म्हणजे कोण ते सांगितले असेल?

सिद्दी म्हणजे आफ्रिकेतून दख्खनेत आलेला माणूस. हा शब्द 'माझे धनी' अशा अर्थाच्या अरबी संबोधनावरून आला असावा, असे बहुतेक जाणकार मानतात. 'हबशी' हा शब्द अबिसिनियाच्या अरबी नावावरून आला. दोन्ही शब्दांच्या मुळाशी तुच्छता नाही. ती आपण नंतर भरली. निजामाच्या पदरी आफ्रिकी घोडेस्वारांचे एक पथक होते. आफ्रिकन कॅव्हलरी गार्ड्स हे त्याचे नाव. संस्थान विलीन झाल्यावर ते पथक मोडले. परंतु मासब टँकजवळची त्यांची वस्ती आजही ए. सी. गार्ड्स याच नावाने ओळखली जाते. हैदराबादच्या लग्नाच्या वरातीत जो मर्फा वाजतो तो या लोकांचा वारसा आहे. म्हणजे आफ्रिका आपल्याला कोसभर अंतरावर भेटते. असे असूनही आमच्या पिढीला आफ्रिकी माणूस प्रथम भेटला तो कॉमिकच्या पानावर.

त्या पानाकडे वळण्यापूर्वी चारशे वर्षे मागे जाऊ. जहांगीर बादशहाच्या चित्रशाळेतील अबुल हसन याने इ.स. १६१६ च्या सुमारास एक चित्र काढले. ते आज डब्लिनच्या चेस्टर बीटी ग्रंथालयात आहे. त्यात बादशहा पृथ्वीच्या गोलावर उभा आहे, गोल बैलाच्या पाठीवर आणि बैल माशाच्या पाठीवर. बादशहाच्या हातात धनुष्य असून त्याचा बाण भाल्यावर खोचलेल्या एका काळ्या मस्तकात घुसला आहे. त्या मस्तकावर घुबड बसले आहे. हे मस्तक मलिक अंबराचे.

प्रत्यक्षात असे काही घडलेच नव्हते. गुलाम म्हणून विकला गेलेला, पुढे निजामशाहीचा कर्ता पुरुष झालेला, १६१० मध्ये खडकी म्हणजे पुढचे औरंगाबाद वसविणारा हा पुरुष जहांगिराच्या हाती कधीच लागला नाही. १६२४ मध्ये भातवडीच्या रणात त्याने मोगल आणि आदिलशाही अशा दोन्ही फौजांचा मोड केला, आणि त्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले. १६२६ मध्ये तो वृद्धापकाळाने मरण पावला. त्याची कबर खुलताबादला आहे. रणात जे जमले नाही ते बादशहाने कागदावर करून घेतले. आपल्या आत्मचरित्रातही तो अंबराला त्याच्या काळ्या चेहऱ्यावरून शिव्या देतो. गंमत अशी की, अंबराच्या मृत्यूनंतर त्याच्या युद्धकौशल्याची आणि कारभाराची मोकळ्या मनाने स्तुती केली ती मुतमद खान या मोगल इतिहासकारानेच. त्याच काळातले हाशिम या चित्रकाराचे मानले जाणारे अंबराचे दुसरे चित्रही उपलब्ध आहे. त्यात पांढऱ्या झग्यातला, भारदस्त शरीराचा, विचारात गढलेला एक वयस्क मुत्सद्दी दिसतो. वर्ण तोच, माणूस तोच. एका चित्रकाराने शत्रू काढला, दुसऱ्याने माणूस काढला.

आता इंद्रजाल कॉमिक्स. टाइम्स ऑफ इंडियाने ही मालिका मार्च १९६४ मध्ये सुरू केली आणि १९९० पर्यंत ती चालली. इंग्रजीखेरीज हिंदी, मराठी आणि इतर भारतीय भाषांतून ती निघत असे. ली फॉक या अमेरिकन लेखकाचा 'फँटम' मराठीत 'वेताळ' होऊन आला. त्याचाच जादूगार मॅन्ड्रेकही आला. आगगाडीच्या प्रवासात, सुटीत आजोळी, किंवा भाड्याने पुस्तके देणाऱ्या दुकानात या अंकांवर मुलांच्या उड्या पडत. मीही त्यांतलाच एक होतो, आणि त्या आनंदाचा मला आज मुळीच पश्चात्ताप नाही.

या मालिकेच्या संपादकांनी जे केले ते मात्र इतिहासाच्या विद्यार्थ्याने नीट पाहावे असे आहे. १९३६ मध्ये फॉकने वेताळाची कथा सुरू केली तेव्हा तिचे जंगल हिंदुस्थानच्या आसपासचे वाटावे असे होते. देशाचे नाव 'बेंगाली' आणि वेताळाच्या घराण्याचे हाडवैरी असलेले चाचे 'सिंग' नावाचे. पुढे कथा आफ्रिकेत सरकली, तरी जुनी नावे राहिली. भारतीय संपादकांनी 'बेंगाली'चे 'डेंकाली' केले, 'सिंग' चाच्यांचे 'सिंगा' केले, आणि वेताळाच्या पित्याचा खून करणाऱ्या 'रामा' नावाच्या दुष्टाला 'रामालू' केले. कारण उघड आहे. बंगाली वाचक रागावला असता, शीख वाचक रागावला असता, आणि रामनाम खुन्याच्या तोंडी कोणालाच रुचले नसते. संपादकांनी केले ते योग्यच केले.

पण लेखणी तिथेच थांबली. गोऱ्या, मुखवटाधारी पुरुषाला चारशे वर्षे अमर मानून त्याच्यापुढे वाकणारे ठेंगणे काळे वनवासी जसेच्या तसे छापले गेले. मॅन्ड्रेकचा सोबती लोथार हा कथेनुसार आफ्रिकेतला राजपुत्र. त्याच्या अंगावर चित्त्याचे कातडे, डोक्यावर लाल टोपी, आणि मूळ इंग्रजीत त्याच्या तोंडी तुटकी भाषा होती. राजपुत्राने राज्य सोडून जादूगाराची ओझी का वाहावीत, हा प्रश्न आम्हा मुलांना पडला नाही. संपादकांनाही पडल्याचे दिसत नाही. आफ्रिकी वाचक त्यांच्या यादीत नव्हता. ए. सी. गार्ड्समधला सिद्दी मुलगाही तो अंक उघडून पाहील, ही कल्पना त्या यादीत कुठे बसत नव्हती.

माझे आजचे प्रतिपादन एवढेच आहे : अशी चित्रे बदलतात ती बहुधा चित्रकाराच्या पश्चात्तापामुळे नव्हे, तर चित्रातला माणूस वाचकांच्या रांगेत येऊन बसल्यामुळे. अमेरिकेचा इतिहास हेच सांगतो. 'टॉम अँड जेरी'च्या १९४० च्या पहिल्याच चित्रपटात घर सांभाळणारी एक काळी स्त्री आहे. तिचा चेहरा सहसा दिसत नाही. दिसतात ते जाडजूड पाय, घसरलेले मोजे आणि हातातला झाडू. बोली दक्षिणेकडच्या काळ्या मोलकरणीची. कृष्णवर्णीयांच्या संघटनेने अशा चित्रणाला विरोध केला आणि १९५२ नंतर ती त्या मालिकेतून नाहीशी झाली. पुढे १९६० च्या दशकात दूरदर्शनसाठी जुन्या चित्रपटांची डागडुजी झाली तेव्हा काही ठिकाणी तिच्या जागी गोरी बाई काढली गेली, तिचा आवाजही बदलला. १९६८ मध्ये वॉर्नर कंपनीचे अकरा जुने व्यंगपट त्यांतील वर्णचित्रणामुळे प्रक्षेपणातून कायमचे बाजूला काढण्यात आले. लोथारही या सुमारास सुधारला : १९६४ मध्ये मूळ चित्रकार फिल डेव्हिस वारला आणि फ्रेड फ्रेडरिक्सच्या हाती कुंचला आल्यावर लोथार नीट बोलू लागला, नीट कपडे घालू लागला. मधल्या काळात अमेरिकेत नागरी हक्कांची चळवळ झाली होती. काळा माणूस मतदार झाला होता, ग्राहक झाला होता आणि घराघरांत दूरदर्शनसमोर बसला होता.

आपल्यालाही हा चटका बसलेला आहे. 'द सिम्प्सन्स' या मालिकेतला दुकानदार अपू अनेक वर्षे अमेरिकेतल्या भारतीय मुलांच्या मानगुटीवर बसला होता. शाळेत त्यांना त्याच्या उच्चारांनी चिडवले जाई. २०१७ मध्ये हरी कोंडाबोलू या विनोदी कलावंताने त्यावर माहितीपट काढला, आणि २०२० मध्ये अपूला आवाज देणारे गोरे नट हँक अझारिया त्या भूमिकेतून दूर झाले. हे वृत्त आपल्याकडे समाधानाने वाचले गेले. त्याच समाधानाने आपण लोथारचा जुना अंक मुलाच्या हाती देतो, हे मला चमत्कारिक वाटते.

आणि हा प्रश्न केवळ परक्यांच्या वर्णाचा नाही. ऑगस्ट १९४९ मध्ये शंकर यांचे एक व्यंगचित्र प्रसिद्ध झाले. घटना नावाच्या गोगलगायीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर चाबूक घेऊन बसले आहेत आणि मागून पंडित नेहरू चाबूक उगारत आहेत. घटनेच्या कामाला लागणारा विलंब हा त्याचा विषय. २००६ मध्ये ते एन.सी.ई.आर.टी.च्या अकरावीच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकात आले आणि मे २०१२ मध्ये संसदेत त्यावरून गदारोळ झाला. पुस्तकाचे सल्लागार सुहास पळशीकर आणि योगेंद्र यादव यांनी राजीनामे दिले. पुणे विद्यापीठातील पळशीकरांच्या कार्यालयाची मोडतोड झाली. ती मोडतोड निंद्य होती. पुढे सुखदेव थोरात यांच्या समितीने अनेक व्यंगचित्रे वगळण्याची शिफारस केली, तर तिचे एक सदस्य एम. एस. एस. पांडियन यांनी असहमती नोंदविली.

शंकरांच्या मनात जातीचा आकस होता असे मला वाटत नाही. पण १९४९ साली ते साप्ताहिक वाचणारा वर्ग कोणता होता आणि २०१२ साली अकरावीच्या बाकावर कोण बसले होते, याचा विचार केला पाहिजे. ज्याच्या पणजोबाच्या पाठीवर खराखुरा चाबूक बसला होता, त्याला गोगलगायीच्या आधी चाबूक दिसतो. त्याला 'विनोदबुद्धी नाही' असे म्हणून मोकळे होणाऱ्या विद्वानांचे मला त्यावेळी आश्चर्य वाटले होते आणि आजही वाटते.

मग करावे काय? अनेक शाळांच्या ग्रंथालयांत इंद्रजालचे बांधलेले खंड असतात, आणि ते रद्दीत घालावेत असे मत मी दोन-तीन ठिकाणी सद्‌भावनेने मांडलेले ऐकले. मी त्याच्या विरुद्ध आहे. जुने चित्र फाडले की आपण तसे कधी नव्हतोच, असे म्हणायला पुढची पिढी मोकळी होते. पाय गोरे करणे हा तर त्याहून वाईट उपाय; त्यात लबाडी आहे. वॉर्नर कंपनीने अलीकडे जुन्या चित्रफिती मूळ स्वरूपात देताना आरंभी स्पष्ट निवेदन जोडले, की यातील चित्रण तेव्हाही चूक होते आणि आजही चूक आहे. हा मार्ग मला शिक्षकाच्या वृत्तीला धरून वाटतो. मात्र निवेदन छापून शिक्षकाची सुटका होत नाही. सहावीतल्या मुलाच्या हाती तो खंड एकट्याने वाचायला देणे आणि नववीच्या वर्गात तो उघडून चर्चा करणे, यांत फरक आहे. शिवाय वर्गात एखादा सावळा मुलगा असतो, ज्याला मधल्या सुटीत 'हबशी' म्हणून हाक मारली जाते. चर्चेच्या नादात त्याच्याकडे सगळ्यांच्या माना वळणार नाहीत, एवढे भान ठेवावे लागेल. आज या शहराच्या विद्यापीठांत आफ्रिकी देशांतले विद्यार्थी शिकतात, त्यांना घर भाड्याने मिळताना काय ऐकावे लागते ते वर्तमानपत्रांत येते. घर नाकारणाऱ्यांपैकी पुष्कळ जण आमच्याच शाळांतून शिकून गेलेले असणार.

माझी सूचना अगदी लहान आहे. नववीला मलिक अंबर शिकवताना अबुल हसनचे चित्र आणि हाशिमचे चित्र शेजारी शेजारी ठेवावे. मग लोथारचा १९६४ च्या आधीचा एक चौकट आणि नंतरचा एक चौकट ठेवावा. तासभर मुलांना बोलू द्यावे. त्यानंतर त्यांना सिद्दीअंबर बाजारातून चालत ए. सी. गार्ड्सपर्यंत न्यावे, अंतर फार नाही, शनिवारची सकाळ पुरेल. अंबराच्या दोन्ही चित्रांच्या छायाप्रती मी आज शाळेच्या ग्रंथपालांकडे देऊन ठेवल्या आहेत.