पाण्यातलं शिसं जातं कुठं?

मंडळी, आपण आज हेदवीत बसलोय. आपल्या गुहागर तालुक्याच्या उत्तरेला वाशिष्ठीची दाभोळ खाडी, दक्षिणेला शास्त्रीची जयगड खाडी. लोटे-परशुरामच्या रासायनिक वसाहतीचं सांडपाणी दाभोळ खाडीकाठच्या मच्छीमारांना नवं नाही. माधव गाडगीळ समितीच्या २०११च्या अहवालातही त्याची दखल आहे. मग कुणीतरी विचारतंच, "पाणवनस्पती सोडून हे पाणी साफ करता येणार नाही का?" या प्रश्नाचा इतिहास आपण थोडक्यात पाहू.

जलपर्णी मूळची दक्षिण अमेरिकेतली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिच्या जांभळ्या फुलांच्या हौसेपायी ती बंगालात आली आणि पुढं देशभरची तळी तिनं बुजवली. याच तणाकडं १९७५च्या सुमारास वेगळ्या नजरेनं पाहिलं गेलं. 'नासा'च्या मिसिसिपीतल्या केंद्रात बिल वुल्व्हर्टन आणि सहकाऱ्यांनी शिसं, पारा, कॅडमियम मिसळलेल्या पाण्यात जलपर्णी वाढवली. तिची मुळं हे धातू ओढून घेत होती. १९९०च्या दशकात या तंत्राला 'फायटोरेमेडिएशन' हे नाव रुळलं. आपण वनस्पतिशोधन म्हणू.

पण इथं एक मेख आहे. सेंद्रिय घाण जिवाणू खातात, ती मोडते. शिसं हे मूलद्रव्य. ते मोडत नाही. पाण्यातलं शिसं मुळांत गेलं, एवढंच. जलपर्णी तिथंच कुजली की ते परत पाण्यात! म्हणजे ती वेळेवर उपसायला हवी आणि घातक कचरा म्हणूनच तिची विल्हेवाट लावायला हवी. तिचं खत केलं तर धातू शेतात जाणार, गुरांना घातली तर दुधापर्यंत पोहोचू शकणार.

शिवाय जलपर्णी खाऱ्या पाण्यात तगत नाही. खाडीत हे काम आपलं कांदळवन करतं. तिवर-चिपीच्या मुळांशी साठणाऱ्या, हवा नसलेल्या काळ्या चिखलात गंधकाशी जुळून बरेच धातू अडकून राहतात. ते झाड तोडलं, चिखल उकरला, त्याला हवा लागली, की अडकलेलं पुन्हा सुटतं. म्हणून २००५ साली मुंबई उच्च न्यायालयानं कांदळवनतोडीवर घातलेली बंदी आपल्या ताटातल्या माशासाठीही मोलाची आहे.

तेव्हा वनस्पती मदतीला घ्यायचीच. पण ती शेवटची चाळण. धातू कारखान्याच्या दारातच अडवायचा, आणि कुणी "झाडं लावू" म्हणालं तर आपण एकच विचारायचं: ती उपसणार कोण, आणि नेऊन टाकणार कुठं?