कोल्हापूरच्या गादीची दत्तकविधाने आणि मंजुरीचे कागद

दत्तकविधानाच्या धार्मिक भागाला एक दिवस पुरतो. नातलग जमतात, जन्मदाता हातावर पाणी सोडून मुलगा दुसऱ्याच्या ओटीत घालतो, दत्तहोम होतो, मुलाचे नाव बदलते आणि साखर वाटली जाते. त्यापूर्वी आप्तांना बोलवावे व राजाला कळवावे, एवढेच वसिष्ठ धर्मसूत्र सांगते. वतनदार आणि सरंजामदारांना मात्र मराठेशाहीतही सरकारची संमती घ्यावी लागे आणि नजराणा भरावा लागे. कोल्हापूरचे छत्रपतीही आपल्या जहागीरदारांकडून असा नजराणा घेत. एकोणिसाव्या शतकात अशी मंजुरी मागण्याची पाळी खुद्द छत्रपतींच्या घराण्यावर आली.

मंजुरी नाकारली तर काय होते, हे साताऱ्यात दिसले होते. १८४८मध्ये आप्पासाहेब महाराजांनी मृत्युशय्येवर घेतलेले दत्तक गव्हर्नर जनरल डलहौसीने गादीच्या वारसापुरते अमान्य केले आणि राज्य खालसा झाले. १८५४मध्ये नागपूर आणि झाशी त्याच वाटेने गेले. कोल्हापुरात १८३८पासून बाबासाहेब महाराज गादीवर असल्याने त्या काळात वारसाचा प्रश्न आला नाही. १८५७नंतर इंग्रजांचे धोरण बदलले. व्हाइसरॉय कॅनिंगने संस्थानिकांना दत्तकाच्या सनदा दिल्या. कोल्हापूरला ती १८६२मध्ये मिळाली. औरस पुत्र नसल्यास हिंदू धर्मशास्त्र आणि घराण्याचा रिवाज यांना धरून दत्तक घेता येईल, असे त्यात म्हटले होते. राणीच्या सरकारशी एकनिष्ठ राहणे आणि करार पाळणे ही त्याची अट होती.

सनदेने राज्य वाचले, पण कागद सुटले नाहीत. निवडलेल्या मुलाचे कूळ, वय आणि प्रकृती यांची चौकशी, मग पोलिटिकल एजंटाचा अहवाल, त्यावर मुंबई सरकारचा शेरा आणि शेवटी हिंदुस्थान सरकारची मान्यता, असा हा क्रम असे. मान्यता येईपर्यंत गादी रिकामी राहायची आणि कारभार इंग्रज अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली चालायचा.

बाबासाहेब महाराजांनी ऑगस्ट १८६६मध्ये मृत्यूपूर्वी बहिणीचा मुलगा नागोजीराव पाटणकर यांना दत्तक घेतले. सोळा वर्षांचे नागोजीराव राजाराम या नावाने गादीवर आले. १८७०मध्ये ते युरोपच्या प्रवासाला गेले आणि परतताना ३० नोव्हेंबरला फ्लॉरेन्स येथे त्यांचे निधन झाले. आर्नो आणि मुन्योने नद्यांच्या संगमावर त्यांचे दहन झाले; तेथे त्यांचे स्मारक आजही आहे. त्यांना मूल नव्हते. पुन्हा मुलाचा शोध आणि चौकशी सुरू झाली. भोसले कुळातील नारायणराव हे आठ वर्षांचे बालक १८७१च्या ऑक्टोबरात चौथे शिवाजी म्हणून गादीवर बसले, तोवर जवळपास अकरा महिने उलटले होते.

चौथ्या शिवाजींना वेडसर ठरवून अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवण्यात आले आणि २५ डिसेंबर १८८३ रोजी तेथेच त्यांचा अंत झाला. या वेळी दत्तक घेणाऱ्या त्यांच्या विधवा राणी आनंदीबाई होत्या. महाराष्ट्रात प्रमाण मानल्या जाणाऱ्या नीळकंठाच्या ‘व्यवहारमयूखा’नुसार पतीने स्पष्ट आज्ञा दिलेली नसली तरी विधवेला दत्तक घेता येई, बंगालमध्ये तशी आज्ञा लागे. कागलचे जहागीरदार आणि संस्थानचे रीजंट जयसिंगराव घाटगे यांचे पुत्र यशवंतराव यांची निवड झाली. वडीलच कारभारी असल्याने आणि एजन्सीला हे घराणे ठाऊक असल्याने काम तीन महिन्यांच्या आत उरकले. १७ मार्च १८८४ रोजी नऊ वर्षांचे यशवंतराव शाहू छत्रपती झाले. मात्र राज्यकारभाराचे अधिकार त्यांना २ एप्रिल १८९४ रोजी, राजकोट आणि धारवाडमधील शिक्षणानंतर मिळाले.

शाहू महाराजांचे पुत्र राजाराम २६ नोव्हेंबर १९४० रोजी पुत्राविना वारले, तेव्हा राणी ताराबाईंनी ३१ डिसेंबर १९४१ रोजी प्रतापसिंह भोसले या तान्ह्या मुलाला दत्तक घेतले. तेरा महिने गेले होते आणि हा मुलगा तर राजाराम महाराजांच्या निधनानंतर जन्मला होता. १९४६मध्ये तोही वारला. मग शाहू महाराजांच्या कन्येचे पुत्र, देवासचे राजे विक्रमसिंह पवार १९४७मध्ये दत्तक येऊन शहाजी छत्रपती झाले. इंग्रजी अमदानीतले हे कोल्हापूरचे शेवटचे दत्तक.

१ मार्च १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. १९५६च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याने प्रत्यक्ष देणे-घेणे हाच दत्तकाचा गाभा ठरवला. घरातल्या दत्तकाला सरकारी मंजुरीची गरज उरली नाही. १९६२मध्ये शहाजी महाराजांनी नागपूरकर भोसल्यांचे दिलीपसिंह दत्तक घेतले, तेव्हा कोल्हापुरात विरोधाची मोठी लाट उठली, पण कुठल्या एजंटाच्या शेऱ्याची वाट पाहावी लागली नाही.

अनाथ बालके परदेशी पालकांना देताना मात्र सरकारी पडताळणी आवश्यक ठरली. १९५६चा कायदा हिंदूंपुरता असल्याने परदेशी पालक १८९०च्या पालक व पाल्य कायद्याखाली केवळ पालकत्व घेऊन मूल नेत. १९८४मध्ये लक्ष्मीकांत पांडे खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याला शिस्त लावली, १९९०मध्ये केंद्रीय दत्तक संसाधन संस्था, म्हणजे ‘कारा’, स्थापन झाली आणि २००३मध्ये भारताने परदेशी दत्तकाविषयीच्या हेग कराराला मान्यता दिली. आता कोल्हापुरातील बालक परदेशी जायचे असेल तर पालकांच्या देशातील गृहभेटीचा अहवाल, ‘कारा’चे ना-हरकत प्रमाणपत्र, जिल्हाधिकाऱ्यांचा दत्तक आदेश आणि पासपोर्ट एवढे टप्पे पार करावे लागतात. हा आदेश पूर्वी न्यायालय देत असे. सप्टेंबर २०२२पासून तो अधिकार जिल्हाधिकाऱ्यांकडे आला.