घरावरची खूण

पल्स पोलिओच्या दिवसांत आपल्या दारावर खडूने काढलेली खूण आपण पाहिली असेलच. ज्या घरातील सर्व मुलांना डोस मिळाला त्या घरावर 'पी' आणि जेथे मूल राहिले, घर बंद होते किंवा नकार आला तेथे 'एक्स'. १९९५ साली ही मोहीम देशभर सुरू झाल्यानंतरच्या काही फेऱ्यांत शिक्षक या नात्याने माझीही नेमणूक झाली होती. बारामतीतील एका गल्लीत आम्ही फिरत होतो. सोबतच्या कर्मचाऱ्याने एका दाराची कडी एकदाच वाजवली, उत्तर आले नाही, तेव्हा त्याने 'एक्स' काढला आणि पुढे चालता चालता म्हणाला, "या लोकांचं असंच असतं, सर." आम्ही गल्लीच्या टोकाला पोचतो न पोचतो तोच मागून एक बाई कडेवर मूल घेऊन धावत आली. "भाईजान, नमाज पढत होते. डोस संपला का?" असे ती विचारीत होती. मुलाला डोस दिला. दारावरचा 'एक्स' मात्र पुसायला कोणी परत गेले नाही.

त्या खडूच्या खुणेने मला जुनी कागदपत्रे वाचायला लावले. आरोग्यखाते गरिबाच्या दारापर्यंत जाते, पण दारातून आत कसे जाते, हा प्रश्न आपल्या इलाख्यात सव्वाशे वर्षांचा आहे. त्याचा पहिला धडा मुंबई आणि पुणे या दोन शहरांनी प्लेगात घेतला.

२३ सप्टेंबर १८९६ रोजी मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनी गाठीच्या तापाचा रोगी ओळखला. ते स्वतः म्युनिसिपल कॉर्पोरेशनचे सभासद होते. रोग प्लेगचा आहे हे त्यांनी उघडपणे सांगितले. ऑक्टोबरमध्ये म्युनिसिपल कमिशनर स्नो यांनी हुकूम काढला की, रोग्याला त्याच्या किंवा घरच्यांच्या संमतीवाचूनही इस्पितळात हलवता येईल. घरे धुतली जाऊ लागली, बिछाने जाळले जाऊ लागले, उजेड यावा म्हणून छपरे उघडली गेली. प्लेगचा मृत्यू झालेल्या घरावर लाल वर्तुळ काढून तारीख घालीत. राहण्यास अयोग्य ठरलेल्या घरावर इंग्रजीत 'यू. एच. एच.' ही तीन अक्षरे रंगवीत. आत राहणाऱ्याला ती वाचता येत नसत, पण त्यांचा अर्थ मात्र त्याला बरोबर कळे.

लोक भ्याले ते रोगाला तर खरेच, पण त्याहून अधिक इस्पितळाला. तिकडे नेलेला माणूस परत येत नाही, ही समजूत सर्व जातिधर्मांत होती. तीत अफवा होत्या तसे तथ्यही होते, कारण बहुतेकांना शेवटच्या घटकेलाच तेथे पोचवले जाई. २९ ऑक्टोबरला गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. स्नो यांनी हुकूम सैल केला. यामागे त्यांची एक खरी भीती होती. शहर साफ करणारे हलालखोर आणि झाडूवाले गाव सोडून गेले तर मुंबईत एक दिवसही राहता येणार नाही, हे त्यांना ठाऊक होते. वाचकहो, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. ज्यांना कोणी विचारीत नव्हते त्यांच्या पायावर सारे आरोग्यखाते उभे होते आणि संकट आल्यावरच ते साहेबाच्या लक्षात आले.

४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोगांचा कायदा झाला आणि सरकारच्या हाती अमर्याद अधिकार आले. पुण्यास त्याचा जो वापर झाला तो सर्वांना ठाऊक आहे. रँड यांच्या कमिटीने घरोघर तपासणीसाठी लष्कराचे शिपाई लावले. देवघर, माजघर, जनाना असा भेद राहिला नाही. पंडिता रमाबाईंनी सरकारी प्लेग इस्पितळात स्त्रियांच्या रक्षणाची व्यवस्था नाही, अशी तक्रार वृत्तपत्रातून केली. लोकमान्य टिळकांनी शहर न सोडता हिंदू प्लेग इस्पितळ काढले. २२ जूनच्या रात्री रँड यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. चापेकर बंधूंचा इतिहास आपण शाळेत वाचतो, तो येथे पुन्हा सांगत नाही.

सांगायचे आहे ते त्याच्या आधीचे. पुण्याबाहेर हडपसरच्या माळावर सावित्रीबाई फुले आणि त्यांचे डॉक्टर पुत्र यशवंत यांनी प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना उघडला होता. रोग्याला हात लावायला घरचे कचरत असता साठी उलटलेली ही बाई महारवाड्यात जाऊन रोगी आणीत होती. मुंढव्याच्या गायकवाडांच्या मुलाला उचलून आणताना तिला संसर्ग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी ती गेली. १८५६ च्या आपल्या पत्रात फातिमाची आपुलकीने आठवण काढणाऱ्या याच सावित्रीबाई. रँड यांची कमिटी त्याच मार्च महिन्यात कामाला लागली. एक शहर, एक महिना, एक रोग. एकीकडे रोगी उचलून नेला जात होता, दुसरीकडे रोगी उचलून आणला जात होता. क्रियापदात फरक थोडा आहे, पण मोहल्ल्याला तो कळतो.

मुंबईस लोक रस्त्यावर आले ते पुढच्या वर्षी. ९ मार्च १८९८ रोजी मदनपुऱ्यात जुलाह्यांच्या वस्तीत तपासणी पथकाला बारा वर्षांची एक आजारी मुलगी आढळली. हे विणकर उत्तर हिंदुस्थानातून आलेले, गरीब, हातमागावर पोट भरणारे मुसलमान. घरच्यांनी मुलीला नेऊ दिले नाही. गर्दी जमली, दगड आले, गोळीबार झाला, दंगल शहरभर पसरली आणि माणसे मेली. त्या वेळी मुंबईच्या प्लेग कमिटीचे अध्यक्ष होते सर जेम्स कॅम्पबेल. नाव ओळखीचे वाटते ना? आपल्या पुणे जिल्ह्याचे १८८५ चे गॅझेटियर, ज्यात बारामती आणि इंदापूर यांचे वर्णन आहे, ते याच गृहस्थांच्या देखरेखीखाली तयार झाले. कोणती जमात काय खाते, काय नेसते, लग्न कसे लावते, हे ज्यांनी पानेच्या पाने छापले, त्यांच्याच पथकाला एका विणकराच्या दारात काय बोलावे हे सुचले नाही. माहिती असणे आणि ओळख असणे यांत एवढे अंतर आहे.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. मुसलमानांनी अलगीकरणाला धर्म म्हणून विरोध केला, असे त्या काळच्या काही साहेबांनी लिहिले आहे. ताऊनच्या गावी जाऊ नये आणि ताऊन असलेल्या गावातून पळू नये, ही शिकवण आपल्या घराघरांत मुलांनाही ठाऊक असते. तेव्हा रोग्याला वेगळे ठेवण्याची कल्पना परकी नव्हती. आक्षेप होता तो परक्या पुरुषाने गोषातील स्त्रीला हात लावण्याला, आईला मुलीबरोबर जाऊ न देण्याला आणि गुसल-कफनावाचून दफन होईल या भीतीला. जनरल गॅटेकर यांनी १८९७ मध्ये मुंबईस निरनिराळ्या जमातींना स्वतःची प्लेग इस्पितळे काढू दिली, तेव्हा तेथे लोक आपल्या पायांनी गेले. पथकाबरोबर मोहल्ल्यातील जाणता माणूस असला की दार उघडे. मदनपुऱ्यानंतर सरकारनेही सक्ती सैल करीत आणली.

लसीचीही हीच कथा. हाफकिन साहेबांनी १० जानेवारी १८९७ रोजी आपली प्लेगची लस प्रथम स्वतःच्या अंगावर टोचून घेतली. लोकांचा विश्वास बसेना. तेव्हा जेमतेम एकोणीस वर्षांचे आगाखान तिसरे यांनी चारचौघांत टोचून घेतले आणि काम करण्यासाठी हाफकिनना आपली वास्तू दिली. त्यांच्यामागे हजारो खोजांनी बाही वर केली. हुकमाने हे झाले नसते. पुढे १९०२ मध्ये पंजाबातील मुलकोवाल येथे लस टोचलेली १९ माणसे धनुर्वाताने दगावली आणि हाफकिनवर दोष आला. १९०७ मध्ये ते निर्दोष ठरले. जो विश्वास मिळवायला वर्षे लागतात तो एका गावात कसा मोडतो, याचे हे उदाहरण आरोग्याच्या प्रत्येक कचेरीत टांगून ठेवावे असे आहे.

आता आपल्या भागाकडे येऊ. बारामतीची नगरपालिका १८६५ ची. दौंड-बारामती ही छोटी रेल्वे १९१४ ची, म्हणजे पहिल्या प्लेगात आपल्याकडे रोग आला तरी गाडीच्या डब्यातून थेट येणार नव्हता. इंदापूर मात्र पुणे-सोलापूर सडकेवरच. या बाजूच्या वृद्ध माणसांच्या तोंडी 'प्लेगाच्या साली गाव रानात गेला' असे वाक्य असे. घरात उंदीर पडू लागले की लोक भांडीकुंडी घेऊन गावाबाहेर माळावर झोपड्या टाकीत. शिकलेले साहेब आणि आपले सुशिक्षितही याला अडाणीपणा म्हणत. १८९८ मध्ये सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने कराचीत दाखवले की, रोग उंदरावरच्या पिसवांतून माणसाला होतो आणि पुढे १९०५ नंतरच्या संशोधनाने ते पक्के झाले. म्हणजे घर सोडून उघड्यावर जाणे हाच त्या वेळचा उत्तम उपाय होता. खाते भिंती धूत होते आणि अडाणी माणसे पिसवांपासून दूर जात होती! खात्याने त्यांना विचारले असते तर बरीच सक्ती वाचली असती.

हे सारे जुने झाले, असे कोणी म्हणेल. एप्रिल २०२० मध्ये भिलवाड्याच्या धर्तीवर गल्ल्या बंद करून वाणसामान घरपोच देण्याची जी पद्धत येथे राबवली गेली, तिला वृत्तपत्रांनी 'बारामती पॅटर्न' म्हटले. त्याच सुमारास, ३० मार्चला, मुंबई महापालिकेने करोनाने मृत झालेल्या सर्वांचे दहनच होईल, धर्म कोणताही असो, असे परिपत्रक काढले. त्याच दिवशी ते बदलावे लागले आणि मे महिन्यात उच्च न्यायालयाने दफनाला हरकत नाही असा निकाल दिला. कित्येक आजारी माणसे दवाखान्याऐवजी घरी दडून का राहिली, याचे उत्तर त्या एका दिवसात आहे. याउलट धारावीत महापालिकेने वस्तीतल्याच खासगी डॉक्टरांना बरोबर घेऊन घरोघर तपासणी केली, आणि त्याचे कौतुक जागतिक आरोग्य संघटनेने केले. २०२२ च्या अखेरीस गोवंडीत गोवराने लहान मुले दगावली, तेव्हा पालिकेने मौलवींच्या बैठका घेतल्या आणि सहा महिन्यांच्या बाळांपासून जादा डोस सुरू केला. पण दारात उभ्या राहिल्या त्या वस्तीतल्याच आरोग्य स्वयंसेविका, तुटपुंज्या मानधनावर काम करणाऱ्या बायका.

बारामतीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०१९ पासून सुरू आहे. आपल्या मुली दहावीला चांगले गुण मिळवतात, याचा आपण सत्कार करतो. त्यांतल्या किती परिचारिकेच्या प्रशिक्षणाला जातात आणि 'रात्रपाळी असते' म्हणून किती घरी बसवल्या जातात, हे पालकांनी स्वतःशी मोजून पाहावे. मदनपुऱ्याच्या त्या मुलीच्या दारात तिच्याच बोलीत बोलणारी एक परिचारिका उभी असती तर काय झाले असते, असे मला पुष्कळदा वाटते.

ज्यांच्या घरी आजी-आजोबांकडून ऐकलेल्या प्लेगच्या, देवीच्या किंवा माळावरच्या झोपड्यांच्या आठवणी असतील, त्यांनी त्या वहीत उतरवून संस्थेच्या कार्यालयात आणून द्याव्यात. बारामती आणि इंदापूर, दोन्हीकडच्या हव्यात. अक्षर कसेही असले तरी चालेल.