पाम : बियांपासून घरगुती लागवड

नारळ, सुपारी, ताड, शिंदी, खजूर, भेरली माड आणि शोभेचे असंख्य पाम ज्या कुलात येतात त्या पामी किंवा अरेकेसी या एकदलिकित कुलातील झाडांची रोपे कुंडीत, पिशवीत किंवा परसात बी रुजवून तयार करणे. या कुलात सुमारे 2,600 जाती आहेत. बहुतेक पामांना खोडाच्या शेंड्याशी एकच वाढबिंदू असतो. तो मेला की झाड मेले. फांद्या नसल्याने छाट कलम, डोळा भरणे किंवा गुटी या माळीकामातल्या नेहमीच्या युक्त्या इथे चालत नाहीत. खजूर, अरेका पाम, रॅपिस यांसारख्या बुंध्याशी फुटवे देणाऱ्या जाती सोडल्या, तर घरी रोप करायचे म्हणजे बीच लावावी लागते. सायकसला बाजारात ‘सॅगो पाम’ म्हणतात, पण ते पाम नव्हे आणि त्याची बी रुजवण्याची रीतही वेगळी आहे.

बी : घरच्या प्रयोगात अपयश येते ते बहुधा बी शिळी असल्यामुळे. बहुतेक उष्णकटिबंधी पामांची बी वाळली की मरते. सुपारी, अरेका पाम, भेरली माड यांची बी काही आठवड्यांतच लावावी लागते, त्यामुळे महिनोन्महिने पाकिटात पडलेल्या बियांवर पैसे घालवण्यात अर्थ नाही. झाडाखाली पडलेले ताजे, पिकलेले फळ केव्हाही चांगले. याला खजूर हा मोठा अपवाद. त्याची बी कोरडी राहूनही तग धरते, आणि किती, याचा दाखला इस्रायलमध्ये आहे. मृत समुद्राकाठच्या मसादा किल्ल्यात 1960च्या दशकातील उत्खननात सापडलेल्या, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या खजुराच्या बियांपैकी एक 2005 मध्ये केतुरा या वसाहतीत रुजली. संशोधक सारा सॅलन आणि इलेन सोलोवे यांच्या या रोपाला ‘मेथुसेलाह’ हे नाव मिळाले. ते नर निघाले. पुढे अशाच प्राचीन बियांतून वाढलेल्या ‘हन्ना’ या मादी झाडाला त्याचे पराग देऊन फळेही धरली गेली.

फळाचा गर रुजवणीला अडथळा करतो, म्हणून तो पूर्ण काढावा लागतो. रानात हे काम उदमांजर, धनेश यांसारखे प्राणी-पक्षी करतात. घरी बी दोन-तीन दिवस पाण्यात भिजवून, पाणी रोज बदलून, मग वाळूवर चोळली की गर सुटतो. भेरली माडाच्या फळाला मात्र उघड्या हाताने शिवू नये. त्याच्या गरात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात आणि हाताला जी खाज सुटते ती साबणाने धुऊनही लवकर जात नाही. सुपारीला ही सोलण्याची खटपट नको. पिकून नारिंगी झालेले अख्खे फळ देठाची बाजू वर ठेवून पेरतात.

रुजवण : पामाची बी रुजताना जे घडते ते ठाऊक नसेल तर चांगले रोपही हाताने मोडले जाते. बीच्या आतल्या दलिकेचे टोक आतच राहते आणि फुगून शोषक बनते. हा शोषक पुष्क, म्हणजे बीतला अन्नसाठा, विरघळवून रोपाला खाऊ घालतो. कोंब आलेला नारळ फोडल्यावर वाटीत जो पांढरा, गोडसर, भुसभुशीत गोळा दिसतो, तो हाच. नारळ-सुपारीत कोंब बीला चिकटूनच वर येतो. खजूर, शिंदी आणि ताड यांची तऱ्हा निराळी आहे. खजुराच्या बीला एका बाजूला लांब खाच आणि उलट बाजूला टाचणीच्या डोक्याएवढा खळगा असतो. त्या खळग्यातून पांढरा देठ बाहेर पडून सरळ खाली जातो, त्याच्या टोकाला मूळ फुटते आणि पान त्याच देठाच्या बाजूच्या चिरेतून, बीपासून थोडे अंतर सोडून वर येते. त्यामुळे बी एकीकडे आणि पान भलतीकडे असा प्रकार दिसतो. बी रिकामी झाली असेल असे समजून ती खुडू नये. कित्येक महिने रोप तिच्यावरच जगत असते.

ताडात हा देठ फार खोल उतरतो आणि रोपाचा गड्डा जमिनीत बराच खाली तयार होतो. तमिळनाडूत ताडाची फळे वाळूच्या वाफ्यात दाटीने पेरून हे गड्डे काढतात आणि पोंगलच्या सुमारास उकडून खातात. आपल्याकडे पालघर, वसई, अलिबाग या पट्ट्यात ताडगोळ्यांपुरतेच प्रेम आहे. ताड कुंडीत रुजवायचा तर हात-दीड हात खोलीचे भांडे किंवा उभा पाइप लागतो. खरे तर जिथे वाढायचा तिथेच तो पेरावा, कारण नंतर उपटून लावलेला ताड जगत नाही.

उष्णता आणि ओल या दोन गोष्टी सांभाळल्या की बाकी सारे सोपे. बहुतेक जातींना 25 ते 35 अंश सेल्सियस तापमान मानवते. कोकणात आणि गोव्यात ते जवळजवळ वर्षभर मिळते. पुणे-नाशिककडे मात्र थंडीत पेरलेली बी फेब्रुवारीअखेरपर्यंत नुसती पडून राहते, म्हणून तिथे उन्हाळ्यात, चैत्र-वैशाखात पेरणे शहाणपणाचे. थोड्या बिया असतील तर धुऊन पिळलेला कोकोपीट झिपच्या पिशवीत घालून त्यात बिया ठेवाव्यात आणि पिशवी स्वयंपाकघरात उबेला, उन्हापासून दूर ठेवावी. कोकोपीट मुठीत दाबल्यावर पाणी ठिबकले तर ते जास्त ओले आहे, बी कुजेल. मूळ दिसताच बी कुंडीत हलवावी. पिशवीत मुळे एकमेकांत गुंतली की ती तुटतात. जिबरेलिक आम्ल वापरण्याचा सल्ला हौशी मंडळींत फिरतो. त्याने अंकुर लवकर आले तरी रोपे लांबट, लुळी होऊन पडतात, तेव्हा घरी त्याच्या नादी लागू नये.

वेळेचा अंदाज जातीनुसार बदलतो. वॉशिंग्टोनिया काही आठवड्यांत रुजतो, सुपारी साधारण दीड-दोन महिन्यांत, नारळ दोन ते पाच महिन्यांत. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडचा फॉक्सटेल पाम कित्येक महिने घेतो, आणि केंशिया पाम वर्षाहून अधिक काळ थांबवतो. एकाच घडातल्या बिया एकाच वेळी रुजत नाहीत, हेही ध्यानात असू द्यावे. उरलेल्या बिया फेकण्याची घाई नको.

नारळ : रोपासाठी अकरा-बारा महिन्यांचा, पूर्ण पक्व आणि सोडण असलेला नारळ घेतात. उंच जातीचा नारळ महिना-दोन महिने सावलीत मुरवून मग वाळूमिश्रित मातीत, वरचा भाग उघडा राहील इतपत पुरतात. बाणवली ही कोकणातली जुनी उंच जात; कोकण कृषी विद्यापीठाची प्रताप ही निवडही तशीच बियांपासून करता येते. संकरित नारळ मात्र घरी रुजवला तर त्याचे गुण पुढच्या झाडात तसेच उतरत नाहीत. लवकर कोंब येणारा नारळ चांगला, सहा महिन्यांत कोंब न आलेला काढून टाकावा, हा रोपवाटिकेतला नियम घरीही लागू. घटावर किंवा कलशावर ठेवलेल्या नारळाला कधीकधी कोंब येतो. नारळाच्या तीन डोळ्यांपैकी एकच मऊ असतो व गर्भ त्याच्याच खाली असतो; शेंडी शाबूत असल्याने तो वाळत नाही आणि तांब्यातले पाणी ओल पुरवते. असा नारळ शुभ मानून घरोघरी जपतात. सोडण नसल्याने तो लवकर कुजू शकतो, तेव्हा कोंब दिसताच मातीत लावलेला बरा.

खजूर : बाजारातल्या साध्या खजुराची बी हमखास म्हणावी इतकी रुजते. खारीक बहुधा उकळून वाळवलेली असते, तिच्या बीचा भरवसा धरू नये. मात्र खजूर पेरून फळाची आशा करणाऱ्याने दोन गोष्टी आधी ऐकाव्यात. नर-मादी झाडे वेगळी असून फुलोरा येईपर्यंत ती ओळखता येत नाहीत, आणि बियांच्या झाडाचे फळ आईच्या फळासारखे निघत नाही. कच्छमधल्या खजुराच्या बागा मोठ्या प्रमाणावर बियांच्याच आहेत, म्हणून तिथे झाडागणिक फळाचा रंग, आकार आणि गोडी बदलते. तिथलेही फळ पावसाच्या भीतीने झाडावर खजूर होईपर्यंत न ठेवता ताजे, कडक असतानाच उतरवतात. कोकणच्या पावसात तर फळाचा विचारच सोडावा. शोभेचे झाड म्हणून खजूर उत्तम.

रोपाची पुढची निगा : अनेक पामांचे पहिले पान अखंड, गवताच्या पात्यासारखे असते. निंदणीत ती रोपे गवत समजून उपटली जातात. पंखासारखी चिरलेली पाने काही वर्षांनी येतात. खोड वर सरकण्याआधी बुंधा जमिनीलगत रुंद होतो, कारण पामाचे खोड पुढे आंब्या-फणसासारखे वर्षागणिक जाड होत नाही. या काळात झाड थांबल्यासारखे वाटले तरी खताचा मारा करू नये. कुंडी खोल असावी, तळाशी पाणी साचू नये, कुंडी बदलताना मुळांभोवतीची माती फोडू नये. पहिली एक-दोन वर्षे दुपारचे ऊन टाळावे. घरात कोरड्या हवेत कोळी कीड पानांच्या मागे लागते; पाने पाण्याने धुणे हाच तिच्यावरचा पहिला उपाय.

रोपवाटिकांत मादागास्करचा अरेका पाम आणि क्यूबाचा रॉयल पाम ढिगाने मिळतात. त्या मानाने सह्याद्रीतला भेरली माड आणि ओढ्याकाठची शिंदी विकत मिळणे अवघड, पण ती आपल्याच भागात झाडाखालच्या बियांतून होतात आणि इथला उन्हाळा-पावसाळा त्यांना नवा नाही. परसात जागा असलेल्याने आधी यांचाच विचार करावा. भेरली माड मात्र शेंड्याकडून खाली एकेक फुलोरा देत काही वर्षांनी मरतो. तेव्हा तो घराच्या भिंतीपासून आणि विजेच्या तारांपासून दूर, पुढे तोडता येईल अशा जागी लावावा.