अभिप्रायाचे सोपस्कार आणि बोटांची साक्ष

अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटी हे गाव २०२३ च्या उपोषणामुळे महाराष्ट्रभर माहीत झाले. त्या गावाहून आमच्या वर्गात मराठी शिकायला येणाऱ्या एका दृष्टिहीन विद्यार्थ्याला शिष्यवृत्तीसाठी बँकेत खाते उघडायचे होते. मोबाइलवरील ओळखपडताळणीत चेहरा चौकटीत धरून पापण्यांची उघडझाप करावी, अशी सूचना होती. चौकट त्याला दिसत नव्हती आणि त्याच्या पापण्यांची हालचाल यंत्राला पटत नव्हती. ‘आपला अभिप्राय कळवा’ या सदराखाली त्याने तीनदा लिहिले. तिन्ही वेळा आभाराचे तेच उत्तर आले. आणखी एकदा लिहून पाहा, असे आम्ही सुचवले, तेव्हा तो शांतपणे म्हणाला, “सर, त्यांना माझी अडचण नको आहे. मला विचारले होते, एवढी नोंद हवी आहे.”

प्रथम हे बोलणे आम्हांला उतावळेपणाचे वाटले. परंतु अपंगांच्या सोयींचा इतिहास चाळू लागलो, तसतसा या अविश्वासाचा वंश बराच जुना असल्याचे ध्यानात आले.

१८२१ साली पॅरिसच्या अंधशाळेत शार्ल बार्बिए यांची उठावदार ठिपक्यांची लिपी आली. तिच्या एका चिन्हात बारापर्यंत ठिपके असत. ते एका बोटाखाली मावत नसत, शिवाय ती ध्वनींवर आधारलेली असल्याने तीत शुद्धलेखनाला जागा नव्हती. या उणिवा लुई ब्रेल या विद्यार्थ्याच्या बोटांनी हेरल्या. त्याने ठिपके सहावर आणले आणि १८२९ मध्ये आपली पद्धत प्रसिद्ध केली. तरीही पुढे १८४० च्या सुमारास त्याच शाळेतून ही लिपी हद्दपार झाली. डोळस शिक्षकांना वाचता येतील अशी उठावाची रोमन अक्षरेच अधिकाऱ्यांना योग्य वाटत होती. मुले मात्र ब्रेल चोरून वापरत राहिली. १८५४ मध्ये तिला फ्रान्समध्ये अधिकृत मान्यता मिळाली, पण त्याआधी दोन वर्षे ब्रेल निवर्तला होता. वाचायचे कोणाच्या बोटांनी आणि ठरवायचे कोणाच्या डोळ्यांनी, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे.

आपल्याकडचे उदाहरण घरोघरच्या खिशातले आहे. दृष्टिहीन माणूस नोट ओळखतो ती मुख्यतः लांबीरुंदीवरून. जुन्या मालिकेतील शंभराची नोट १५७ मिलिमीटर लांब होती, पाचशेची १६७ आणि हजाराची १७७. प्रत्येक पायरीला एक सेंटिमीटरचा फरक होता. नोव्हेंबर २०१६ पासून आलेल्या नव्या मालिकेत शंभराची लांबी १४२, दोनशेची १४६ आणि पाचशेची १५० मिलिमीटर झाली, तर रुंदी तिन्हींची ६६ मिलिमीटर. म्हणजे शंभर आणि दोनशे यांच्यातला फरक अवघा चार मिलिमीटर उरला. उठावाची चिन्हे आहेत, पण नोट हातोहात फिरली की ती झिजतात. बाजारच्या गर्दीत भाजीवाल्यासमोर उभ्या असलेल्या माणसाने चार मिलिमीटर कशाने मोजावेत?

हा प्रश्न घेऊन १९५२ साली मुंबईत स्थापन झालेली ‘नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड’ ही संस्था मुंबई उच्च न्यायालयात गेली. नोटांचे आकार आणि खुणा वारंवार बदलण्याची निकड काय, अशी विचारणा न्यायालयाने २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेला केली. १ जानेवारी २०२० रोजी बँकेने ‘मनी’ नावाचे मोबाइल अ‍ॅप आणले. कॅमेऱ्यासमोर नोट धरली की ते तिचे मूल्य बोलून सांगते. सोय उपयुक्त आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. मात्र जे काम आजवर बोटे विनामूल्य करीत होती, त्यासाठी आता फोन हवा, तो भारलेला हवा आणि भर बाजारात एका हातात फोन, दुसऱ्या हातात पैसे धरण्याचे धैर्यही हवे. गाऱ्हाणे नोटेविषयी होते, उत्तर फोनविषयी मिळाले.

खाजगी कंपन्यांच्या बाबतीत हीच तऱ्हा अधिक चकचकीत रूपात दिसते. संकेतस्थळावर एक तुकडा चिकटवा, ते अपंगांसाठी आपोआप सुलभ होईल, अशी जाहिरात करणाऱ्या ‘अ‍ॅक्सेसिबी’ या कंपनीविरुद्ध अमेरिकेतील दृष्टिहीनांच्या राष्ट्रीय महासंघाने २०२१ मध्ये जाहीर भूमिका घेतली. पुढे २०२५ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने फसव्या दाव्यांबद्दल त्या कंपनीला दहा लाख डॉलर भरायला लावले. वापरणारे सांगत होते ते खरे होते, हे ठरायला मधली चार वर्षे जावी लागली.

भाषेच्या अभ्यासकांनी आणखी एका गोष्टीकडे पाहावे. डिसेंबर २०१५ मध्ये पंतप्रधानांनी ‘विकलांग’ऐवजी ‘दिव्यांग’ हा शब्द सुचवला आणि तो लवकरच सरकारी कागदांवर रुळला. आम्हांला दिव्यत्व नको, हक्क हवेत, असा आक्षेप अपंगांच्या संघटनांनी घेतला. ज्यांचे नाव बदलायचे त्यांना आधी विचारावे, हे साधे औचित्य जिथे पाळले जात नाही, तिथे अभिप्रायाच्या चौकटीवर विश्वास कसा बसावा?

असो. चित्र अगदीच निराशेचे नाही. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आम्ल-हल्ल्यातून वाचलेल्या प्रज्ञा प्रसून आणि दृष्टिहीन वकील अमर जैन यांच्या याचिकांवर निकाल दिला. डिजिटल सेवांपर्यंत पोचणे हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भाग मानून न्यायालयाने वीस निर्देश दिले. ओळखपडताळणीत पापण्यांच्या उघडझापेला पर्याय असावा, हा त्यांतला एक. सेवा खुली करण्यापूर्वीच्या चाचणीत दृष्टिहीनांना सहभागी करावे, हा दुसरा, आणि आमच्या मते अधिक मोलाचा. वस्तू तयार झाल्यावर मत मागणे म्हणजे लग्न लागल्यावर मुलीला पसंती विचारण्यासारखे आहे.

तेव्हा अविश्वास हा अपंगांचा स्वभावदोष नव्हे, ते अनुभवातून आलेले शहाणपण आहे. तो दूर करण्याचा उपाय आभाराची पत्रे अधिक गोड करणे हा नसून, कोणाच्या सांगण्यावरून काय बदलले याचा जाहीर हिशेब देणे आणि या कामाचा मोबदला देणे हा आहे. आमच्या विद्यार्थ्याला आम्ही निकालातील तो निर्देश वाचून दाखवला. त्याने तो पुन्हा एकदा वाचायला सांगितला. मग म्हणाला, “सर, हे त्यांना अभिप्राय म्हणून पाठवू नका. अर्ज म्हणून पाठवा, आणि पोच घ्या.”