पिक-अप ट्रक : एंजिन-प्रारंभ व दोषनिदानाचा इतिहास

चालकाच्या कक्षामागे उघडा हौदा असलेल्या हलक्या मालवाहू मोटारगाडीस पिक-अप ट्रक म्हणतात. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत शेतकरी, सुतार, नळकारागीर इ. स्वतंत्र व्यावसायिकांचे हे नेहमीचे वाहन असून तीस-चाळीस वर्षांच्या जुन्या गाड्याही तेथे कामावर दिसतात. अशी गाडी सकाळी सुरू झाली नाही, तर मालकाचा त्या दिवसाचा रोजगार बुडतो. अंदाजाने एकामागून एक सुटे भाग बदलत गेल्यास गाडीच्या किंमतीइतका खर्च होऊ शकतो. दोष हुडकण्याची जी क्रमबद्ध रीत कारागिरांत रूढ झाली, ती एंजिन सुरू करण्याच्या साधनांबरोबरच घडत गेली.

अंतर्ज्वलन-एंजिन आपण होऊन सुरू होत नाही. बाष्पित्रात साठलेल्या वाफेचा दाब वाफेच्या एंजिनास सुरुवातीपासून उपलब्ध असतो. याउलट पेट्रोल-एंजिनाचा भुजादंड प्रथम बाहेरील शक्तीने फिरवावा लागतो. त्यामुळे दट्ट्या हवा व इंधन यांचे मिश्रण ओढून घेतो व दाबतो आणि त्यात योग्य क्षणी ठिणगी पडल्यावरच एंजिन स्वतःच्या बळावर फिरू लागते.

सुरुवातीच्या मोटारगाड्यांत ही बाहेरील शक्ती चालकाच्या दंडाची असे. एंजिनाच्या पुढील बाजूस लोखंडी हँडल अडकवून ते झटक्याने वर ओढावे लागे. ठिणगी वेळेआधी पडली, तर दट्ट्या उलट दिशेने ढकलला जाऊन हँडल उसळे व मनगट मोडे. बहिःप्रकोष्ठास्थीच्या मनगटाकडील टोकाच्या एका विशिष्ट अस्थिभंगास वैद्यकात ‘शोफरचा अस्थिभंग’ हे नाव पडले, ते यामुळेच. हँडल मारण्यापूर्वी ठिणगीची वेळ मागे घेणारी तरफ न विसरता ओढावी, अंगठा मुठीच्या भोवती न गुंडाळता बोटांच्याच बाजूस ठेवावा, हे नियम नवशिक्या चालकास प्रथम शिकविले जात. या कष्टप्रद पद्धतीचा एक लाभ मात्र होता. संपीडनाचा प्रतिरोध प्रत्यक्ष हातास जाणवे आणि एखादा सिलिंडर ढिला लागला, तर झडप किंवा दट्ट्याच्या कड्या बिघडल्याचे चालकास तत्काळ कळे.

ठिणगीसाठी प्रारंभी मुख्यतः मॅग्नेटो वापरीत. रोबेर्ट बोश यांच्या जर्मनीतील कारखान्यात गोटलोप होनोल्ट यांनी १९०२ मध्ये उच्च दाबाचा मॅग्नेटो तयार केला. त्यास बॅटरीची गरज नसे; पण एंजिन मंद फिरत असताना, म्हणजे नेमके प्रारंभीच, त्याची ठिणगी क्षीण असे. चार्ल्स एफ. केटरिंग (१८७६–१९५८) यांनी बॅटरी, कॉइल व पॉइंट यांवर आधारलेली प्रज्वलन पद्धती विकसित केली व ती कॅडिलॅक गाड्यांत १९१० च्या सुमारास आली. त्यांचा विजेवर चालणारा स्टार्टर १९१२ च्या कॅडिलॅकवर बसविण्यात आला. हँडल उसळून बायरन कार्टर या मोटार-उत्पादकास झालेली इजा त्यांच्या मृत्यूस (१९०८) कारणीभूत ठरली व त्यातून ही प्रेरणा मिळाली, अशी कथा सर्वत्र सांगितली जाते. तिच्या तपशिलांविषयी मात्र एकवाक्यता नाही. केटरिंग यांचे खरे वैशिष्ट्य निराळेच होते. रोकड नोंदविणाऱ्या यंत्रावर काम करताना त्यांना उमगले होते की, काही क्षणच चालावयाच्या विद्युत् चलित्रावर त्याच्या नेहमीच्या क्षमतेच्या कितीतरी पट भार टाकता येतो. म्हणून स्टार्टर लहान ठेवणे शक्य झाले. फोर्डच्या मॉडेल टी गाडीवर तो १९१९ पासून मिळू लागला. याच गाडीची कारखान्यात जुळविलेली पिक-अप आवृत्ती १९२५ मध्ये २८१ डॉलरना बाजारात आली.

स्टार्टरमुळे एंजिन फिरविणे व पेटविणे ही दोन कामे चालकाच्या दृष्टीने वेगळी झाली आणि दोषनिदानातील पहिला प्रश्नही ठरला : एंजिन फिरते की नाही ? न फिरल्यास दोष बॅटरी, तारा, सोलेनॉइड व स्टार्टर यांत शोधावयाचा. आवाज येथे बरेच सांगतो. लागोपाठ टकटक झाल्यास बहुधा बॅटरी उतरलेली असते. एकच ठोका पडून शांतता पसरल्यास स्टार्टर, जाड तार किंवा क्वचित जाम झालेले एंजिन यांचा संशय घ्यावा. पूर्ण भारित १२ व्होल्टच्या बॅटरीचा दाब सु. १२·६ व्होल्ट असतो व स्टार्टर फिरत असताना तो ९·६ च्या खाली जाऊ नये, असा संकेत आहे.

जुन्या ट्रकमध्ये सर्वांत फसवा दोष म्हणजे गंजलेली जोडणी. स्टार्टर २०० अँपिअर प्रवाह घेत असेल, तर बॅटरीच्या टोकावरील ०·०१ ओहम रोधही २ व्होल्ट गिळतो. दिवे थोड्या प्रवाहावर चालत असल्याने ते लख्ख लागतात आणि मालक बॅटरी ठीक असल्याचे समजून स्टार्टर बदलतो. १९५० च्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या गाड्यांत ६ व्होल्टची बॅटरी असे व तितक्याच शक्तीस दुप्पट प्रवाह लागे, त्यामुळे हा दोष तेथे अधिकच जाचक ठरे. एंजिनांचे संपीडन वाढल्यावर १९५५-५६ च्या सुमारास अमेरिकन पिक-अप ट्रकांत १२ व्होल्टची पद्धती आली. एंजिन व चौकट यांना जोडणारी जमिनीची पट्टी तपासण्याचे अनेकदा राहून जाते. वास्तविक प्रवाह तिच्यातूनही परततो.

एंजिन फिरते पण पेटत नाही, तेव्हा ठिणगी व इंधन यांपैकी काय उणे आहे ते पाहतात. प्लगची तार काढून तिच्या टोकाशी चाचणी-प्लग जोडून तो एंजिनाच्या धातूला टेकवला असता ठिणगी दिसली पाहिजे. ही चाचणी सांडलेल्या पेट्रोलजवळ करणे धोक्याचे आहे. ठिणगी नसल्यास जळालेले पॉइंट, बिघडलेला कंडेन्सर, डिस्ट्रिब्यूटरच्या टोपणातील ओल किंवा तडा ही नेहमीची कारणे होत. १२ व्होल्टच्या बहुतेक गाड्यांत कॉइल तापू नये म्हणून मार्गात रोधक घातलेला असतो व केवळ प्रारंभी तो वगळला जातो. हा रोधक तुटला, तर एंजिन किल्ली धरून ठेवली असता पेटते व सोडताच बंद पडते. हे लक्षण इतके नेमके आहे की, ते ओळखणाऱ्यास दुसऱ्या तपासणीची फारशी गरज उरत नाही. चावी फिरवून स्टार्टर चालविण्याची सोय क्रायस्लर गाड्यांत १९४९ मध्ये आली. तत्पूर्वी त्यासाठी वेगळे बटण किंवा पायदाब असे.

इंधनाची तपासणी सोपी आहे. एंजिन बंद ठेवून कार्ब्युरेटरच्या मुखात पाहत गतिवर्धकाची तरफ हलविली असता पेट्रोलची धार उडावी. ती न उडाल्यास पंपाचे पडदे, गाळणी, कार्ब्युरेटर व टाकी पाहतात. पेट्रोलचा उग्र वास व ओले प्लग हे मिश्रण अति झाल्याचे चिन्ह होय.

१९७० च्या दशकात पॉइंटांची जागा इलेक्ट्रॉनिक प्रज्वलनाने व पुढे कार्ब्युरेटरची जागा इंधन-अंतःक्षेपणाने घेतली. इलेक्ट्रॉनिक एकक तापल्यावर निकामी व थंड झाल्यावर पूर्ववत होऊ लागले, तेव्हा दोष तपासणीच्या वेळी हजर नसण्याची नवी अडचण उद्‌भवली. १९९६ च्या प्रतिकृतींपासून अमेरिकेत मोटारी व हलके ट्रक यांत संगणकीय दोषनिदानाची एकरूप व्यवस्था सक्तीची झाली. तिचा मूळ हेतू धुरातील प्रदूषकांवर नियंत्रण ठेवणे हा असल्याने सैल तार वा गंजलेले टोक यांचा संकेतांक बहुधा उमटत नाही. तत्पूर्वीच्या अनेक ट्रकांत निदान सर्वस्वी कारागिराच्या हाता-कानांवर अवलंबून राहिले.

भारतात या परंपरेची ओळख अमेरिकन बांधणीच्या गाड्यांतून झाली. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स कारखान्यात क्रायस्लरच्या सहकार्याने डॉज व फार्गो ट्रक तयार होत, तर महिंद्र कंपनीने मुंबईत विलीज जीप गाड्यांची जुळणी केली. या जीपला स्टार्टरबरोबरच हँडलची सोय होती. बॅटरी उतरली की हँडल मारणे किंवा गाडी ढकलून गिअरमध्ये टाकणे हे दोनच उपाय असत. पुढे डीझेल एंजिनांचा प्रसार झाल्यावर ठिणगीचा प्रश्न मिटला व त्याऐवजी इंधननळीत शिरलेली हवा काढणे हे चालकाचे पहिले काम झाले.