बावन्न पत्त्यांत मावलेले जग

पत्ते म्हटले की आपल्याकडच्या बऱ्याच घरांत वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठ्या पडतात. कारण उघड आहे. कुरआनने ‘मैसिर’ म्हणजे जुगाराला मनाई केली आहे, आणि जुगाराची व पत्त्यांची सोयरीक जुनी आहे. त्या मनाईबद्दल वाद घालायचा नाही. पण याच पत्त्यांवर एकेकाळी नकाशे छापले जात, राजपुत्र त्यांवरून देशांची नावे पाठ करत आणि रेल्वे कंपन्या त्यांवर आपल्या मार्गाची छायाचित्रे देत. शिक्षणाच्या इतिहासातले हे पान आपल्याकडे फारसे कोणी उघडत नाही.

सुरुवात कैरोपासून करावी लागते. इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यात इजिप्तच्या ममलूक काळातला हाताने रंगवलेला एक संच आहे. त्यातली काही पाने हरवली आहेत, पण मूळ रचना स्पष्ट दिसते: चार रंग, प्रत्येकात १३ पाने, एकूण ५२. रंग म्हणजे प्याले, नाणी, तलवारी आणि चौगानच्या काठ्या. वरची पाने मलिक, नायब आणि दुसरा नायब यांची. चौदाव्या शतकात हा खेळ युरोपात पोचला. स्पॅनिश भाषेत पत्त्यांना आजही ‘नाइपेस’ म्हणतात. तो शब्द या ‘नायब’वरूनच आला असे बहुतेक अभ्यासक मानतात.

हा ५२चा हिशेब पुढे इंग्लंडमध्ये अनपेक्षितपणे कामी आला. इंग्लंड आणि वेल्स मिळून तेव्हा परगणेही ५२च होते. १५९०मध्ये तिथे एक संच निघाला, त्यात दर पानावर एका परगण्याचा चिमुकला नकाशा होता. १६७६मध्ये रॉबर्ट मॉर्डन या नकाशे छापणाऱ्याने तीच कल्पना आणखी नेटकी केली. त्याच्या पत्त्यावर वर रंगाचे चिन्ह, मध्ये नकाशा आणि खाली परगण्याची लांबी-रुंदी, अक्षांश व मुख्य गावाचे लंडनपासूनचे अंतर. नकाशात रस्तेही काढलेले होते. जॉन ओगिल्बीने इंग्लंडचे रस्ते मोजून नकाशांचे मोठे पुस्तक काढले, त्याला तेव्हा जेमतेम एक वर्ष झाले होते. ते जाडजूड पुस्तक सगळ्यांना परवडणारे नव्हते, पत्ते मात्र खिशात मावत.

मॉर्डनच्या राजांवर दुसऱ्या चार्ल्सचा चेहरा आहे आणि राण्यांवर त्याची पोर्तुगीज राणी कॅथरीन. ही तीच कॅथरीन, जिच्या लग्नाच्या करारात मुंबई बेट इंग्रजांच्या हाती गेले.

फ्रान्समध्ये हेच काम थेट राजवाड्यात झाले. चौदावा लुई १६४३मध्ये गादीवर आला तेव्हा पाच वर्षांचाही नव्हता. कार्डिनल माझारँच्या सांगण्यावरून देमारे या लेखकाने आणि स्तेफानो देला बेल्ला या इटालियन चित्रकाराने १६४४मध्ये त्याच्यासाठी पत्त्यांचे चार संच तयार केले. त्यांतला एक भूगोलाचा. चार रंगांच्या जागी चार खंड: युरोप, आशिया, आफ्रिका आणि अमेरिका. प्रत्येक देश म्हणजे एक मनुष्याकृती आणि तिच्याखाली दोन-चार ओळींची माहिती. खेळता खेळता मुलाच्या डोळ्यांखालून अख्खे जग जाई, आणि पुन्हा पुन्हा पाहिलेले लक्षात राही. आज बी.एड.च्या वर्गात फ्लॅशकार्डची जी पद्धत शिकवतात, तिचे तत्त्व याहून फारसे वेगळे नाही.

रेल्वे आल्यावर पत्त्यांवरचा भूगोल बदलला. १९००च्या आसपास अमेरिकेत सदर्न पॅसिफिक, डेन्व्हर अँड रिओ ग्रांद अशा कंपन्यांच्या मार्गांवरची दृश्ये छापलेले संच आठवण म्हणून विकले जात. दर पानावर मार्गावरचे वेगळे छायाचित्र: दरी, पूल, बोगदा, डोंगर. अलास्कातून कॅनडाच्या युकॉनमध्ये जाणारी व्हाइट पास रेल्वे १९००मध्ये पूर्ण झाली, तिचाही असा संच निघाला. घरी बसलेले पोर त्या पानांवरून कधी न केलेला प्रवास करू शके.

पण या सगळ्या संचांना एक प्रश्न विचारायला हवा: पत्त्यावर कोणाला जागा मिळते? मॉर्डनचे प्रत्येक अंतर लंडनपासून मोजलेले आहे. लुईच्या पत्त्यांवर देश आहेत, त्यात राबणारी माणसे नाहीत. रेल्वेच्या पत्त्यांवर रुळांवरून दिसेल तेवढेच जग आहे. अलास्काच्या त्या खिंडींतून त्लिंगित लोक रेल्वेच्या कितीतरी आधीपासून व्यापारासाठी ये-जा करत. पत्त्यावरचा प्रवास मात्र कंपनीच्या गाडीपासून सुरू होतो.

या प्रश्नाला एक वेगळे उत्तर अकबराच्या दरबारात सापडते. बाबराने १५२७मध्ये सिंधच्या शाह हसनला गंजिफा पाठवल्याची नोंद बाबरनाम्यात आहे. पुढे अबुल फझलने ‘आईने अकबरी’त अकबराने बदल केलेल्या गंजिफाचे वर्णन लिहिले. त्यात एका रंगात १२ पाने असतात. खजिन्याच्या रंगात राजा धन वाटतो आणि वजीर खजिना तपासतो. उरलेल्या दहा पानांवर धातू वितळवणारा, तुकडे पाडणारा, वजन करणारा, नाणी पाडणारा, मोहरा मोजणारा असे कामगार आहेत. दफ्तराच्या रंगात कागद बनवणारा, फर्मान लिहिणारा आणि जिल्द बांधणारा आहे. हा भूगोल नव्हे, कारभाराचा नकाशा आहे. उतरंडही शाबूत आहे, राजा राजाच राहतो. तरीही कागद बनवणाऱ्या कारागिराला स्वतःचे पान मिळाले आहे. ज्या दशकात लंडनमध्ये परगण्यांचे पत्ते निघाले, त्याच दशकात हे लिहिले गेले.

पाठ्यपुस्तकातला शहराचा नकाशा मुले पाहतात तेव्हा आपला मोहल्ला त्यात शोधतात, आणि बहुतेकदा तो सापडत नाही. म्हणून शिक्षक मित्रांना एक सुचवतो. जुगाराचा प्रश्नच येणार नाही अशी कोरी ५२ कार्डे वर्गात वाटा. गावातल्या ५२ जागा मुलांनाच निवडू द्या. स्टेशन आणि कचेरी आपसूक येतीलच. मग पाण्याची टाकी, दर्गा, देऊळ, कब्रस्तान, भंगारवाल्यांची गल्ली, विणकरांची आळी यांवर वाद सुरू होईल. ५३वी जागा कोणाची वगळायची यावर भांडणही होईल. ते घाईने मिटवू नका. नकाशा कसा तयार होतो हे मुलांना त्या भांडणातच कळेल.